३१५ बोअर : ग्रुप अचानक फाटला. नळी गेली की लाकूड?

काळी_माती_मोहोळ

नमस्कार मंडळी. ईशापूर फॅक्टरीची ३१५ बोअर स्पोर्टिंग रायफल, उघडी साईट, पीक संरक्षणाचा परवाना. दिवाळीनंतर परवानगीच्या रेंजवर १०० मीटरला वाळूच्या पिशवीवरून पाच गोळ्या चार इंचात बसत होत्या. आता मे महिन्यात तीच रायफल, त्याच लॉटची काडतुसं, तोच माणूस, आणि ग्रुप, म्हणजे सगळ्या भोकांचा पसारा, अकरा इंच. विखुरलेला पण नाही. दोन गोळ्या डावीकडे खाली एकमेकींजवळ, तीन उजवीकडे वर एकमेकींजवळ.

स्क्रू सगळे घट्ट आहेत. नळी साफ आहे, आटे (नळीतल्या पिळाच्या खाचा) डोळ्यांना स्वच्छ दिसतात. दुकानदार म्हणतो नळी संपली, विकून टाका. काडतुसं मोजकी असतात आणि महाग, त्यामुळे उगाच फुंकायची नाहीत. न झाडता काय काय तपासता येईल आणि कुठल्या क्रमाने?

खटका

मालक, नळी अशी एका उन्हाळ्यात संपत नसते. तुम्ही वर्षाला झाडणार किती? नळी झिजली तर ग्रुप हळूहळू मोठा होतो आणि सगळीकडे पसरतो. तुमच्या कागदावर दोन वेगळे छोटे ग्रुप आहेत. याचा अर्थ रायफल नीट मारतेय, पण दोन वेगवेगळ्या जागी बसून मारतेय. काहीतरी हलतंय आणि दोनपैकी एका ठिकाणी जाऊन थांबतंय. हे लक्षण लाकडाचं.

कागद वाचायची ढोबळ रीत सांगतो, पुढच्यांनाही उपयोग होईल. दोन ग्रुप पडले तर पुढचं लाकूड (नळीखालचं) किंवा साईट सैल. उभी रांग पडली तर लाकडाचा नळीवरचा दाब बदलतोय, नाहीतर काडतुसांचा वेग कमीजास्त आहे, नाहीतर नळी तापल्यावर चालतेय. आडवी रांग म्हणजे माशी (नळीच्या टोकावरची पुढची साईट) सैल, वारा, किंवा रायफल तिरकी धरली जातेय. सगळीकडे विखुरलं तर नळीचं तोंड खराब किंवा आत गोळीच्या आवरणाचं तांबं साचलंय. आणि कागदाला गोल भोकाऐवजी लांबट भोक पडलं तर गोळी आडवी जातेय. तसं दिसलं की झाडणं तिथंच बंद.

तुमची रायफल ली-एनफिल्ड (जुनी ब्रिटिश लष्करी रायफल) घडणीची आहे, तिचा चाप दोन टप्प्यांत ओढला जातो, म्हणून प्रश्न थेट विचारतो : ट्रिगरची ओढ बदललीय का? पहिली ओढ लांबली, किंवा दुसरी ओढ पूर्वीपेक्षा वेगळ्या जागी लागते, असं काही?

काळी_माती_मोहोळ

हो की. पहिली ओढ आधीपेक्षा वेगळी लागतेय. पण ट्रिगरला कुणी हात लावलेला नाही.

खटका

मग निम्मं निदान झालं. या घडणीत ट्रिगर ॲक्शनला (नळीमागचा लोखंडी सांगाडा, ज्यात बोल्ट सरकतो) नाही, ट्रिगर गार्डला बसवलेला असतो, आणि गार्ड व ॲक्शन यांच्यामध्ये लाकूड असतं. लाकूड आकसलं की गार्ड ॲक्शनच्या जवळ येतो आणि ट्रिगरचं माप बदलतं. दिवाळीत हवेत ओल असते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ ला आणि हवा कोरडी ठाक. लाकूड आकसणारच.

आता तुम्ही म्हणाल स्क्रू घट्ट आहे. घट्ट असेलच! गार्डच्या पुढच्या मोठ्या स्क्रूभोवती, लाकडाच्या भोकात, एक पोलादी कॉलर असते, छोटं नळकांडं. तिचं काम एवढंच की स्क्रू आवळताना लाकूड चिरडू नये. पण लाकूड कॉलरपेक्षा पातळ झालं की स्क्रू कॉलरवर आवळला जातो. पोलाद पोलादाला भिडतं, स्क्रू दगडासारखा घट्ट, आणि लाकूड मात्र आत मोकळं.

तपासायला काडतूस लागत नाही.

रायफल रिकामी करा. मॅगझिन काढा, बोल्ट काढा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसायच्या जागी, करंगळी घालून खात्री करा. रायफल उलटी करून गादीवर ठेवा. पुढचा स्क्रू अर्धा फेरा सैल करा आणि स्क्रूच्या खाचेत नीट बसणाऱ्या पेचकसाने सावकाश आवळा. लाकूड दाबलं जात असेल तर शेवटच्या पाव फेऱ्यात जोर हळूहळू वाढत जातो. कॉलरवर बसत असेल तर स्क्रू सहज फिरत येतो आणि एकदम ठक्क करून थांबतो. हा फरक हाताला स्पष्ट कळतो.

दुसरी खूण : मॅगझिनच्या बाजूला लाकूड आणि धातू यांच्या सांध्यावर अंगठा ठेवा, दुसऱ्या हाताने लाकडाचं पुढचं टोक डावीउजवीकडे ढकला. अंगठ्याखाली केसभर जरी सरकलं तरी दोष सापडला.

दहावं_वर्तुळ

खटकाअण्णांशी सहमत, पण साईट आधी बघा, दोन मिनिटांचं काम आहे. माशीचा पाया आणि नळीवरचा ठोकळा यांच्यावरून टोकदार पेन्सिलने एक बारीक रेघ मारा, रेघ तुटली दिसली की माशी सरकली. मागच्या साईटच्या पानाच्या पिनेलाही बोटांनी हलवून बघा. दुर्बीण असती तर रिंग आणि माउंट आधी म्हणालो असतो, पण तुमची उघडी साईट आहे म्हणजे भानगडी कमी.

मागचा दस्ता (खांद्याला लावायचं लाकूड) पण हलवून बघा. मनगटाच्या जागी, जिथं दस्ता लोखंडी खोबणीत बसतो, तिथं कुरकुर झाली तर आतला लांब बोल्ट सैल आहे.

खटका

थांबा, दस्त्याच्या बोल्टला हात लावायच्या आधी एक धोक्याची सूचना. या घडणीत त्या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडात बसवलेल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड न काढता मागून लांब पेचकस घालून बोल्ट फिरवला तर पुढचं लाकूड मागच्या टोकाला उभं चिरतं. आवाजसुद्धा येत नाही कधीकधी. म्हणून आधी पुढचं लाकूड उतरवायचं, मग दस्ता आवळायचा, चौकोन पट्टीला जुळेल असा थांबवायचा, मग लाकूड परत.

नवीपेठकर

माझं मत वेगळं. आधी नळी पूर्ण साफ करा. "आटे डोळ्यांना स्वच्छ दिसतात" याला काही अर्थ नाही. तेलाचा पातळ थर असला की घाणेरडी नळीपण चकाकते. कोरडी चिंधी फिरवा, मग तोंडाकडून टॉर्च तिरपा मारून बघा. आट्यांच्या उंचवट्यांवर तांबूस पट्टे दिसले तर तांबं आहे.

पद्धत : पुलथ्रू (चिंधी बांधून नळीतून ओढायची दोरी) नको, एकसंध सळई, आणि सळई मागून, म्हणजे चेंबरकडून घालायची. बोल्ट काढला की या रायफलीत मागून सरळ रस्ता आहे. सॉल्व्हंटची ओली चिंधी दोन वेळा, मग फॉस्फर ब्रॉन्झचा ब्रश दहाबारा वेळा, मग सॉल्व्हंट १० मिनिटं मुरू द्यायचं, मग कोरडी चिंधी. चिंधीवर निळाहिरवा डाग आला म्हणजे तांबं निघतंय. डाग येईनासा होईपर्यंत पुन्हा. अमोनियाचं सॉल्व्हंट असेल तर १५ मिनिटांवर ठेवायचं नाही आणि लाकडाच्या पॉलिशवर सांडू द्यायचं नाही.

चिंधी फ्लॅनेलची. आपल्याकडे घरोघरी सोलापुरी टॉवेलचे तुकडे सापडतात म्हणून तेच वापरायचा मोह होतो. टेरी टॉवेलचे धागे सुटतात आणि बोल्टच्या खाचांत जाऊन बसतात. अंग पुसायला उत्तम, रायफलीला नाही.

काडतुसं जुनी असतील आणि कॅपची (काडतुसाच्या बुडाची, ठिणगी देणारी) खात्री नसेल तर झाडल्यानंतर त्याच दिवशी नळीतून उकळतं पाणी ओता. जुन्या पद्धतीच्या कॅपमधून क्षार सुटतो, तो तेलात किंवा रॉकेलमध्ये विरघळत नाही, पाण्यातच विरघळतो. पाणी उकळतं असलं की नळी तापते आणि लगेच वाळते. मग तेलाची चिंधी.

खटका

नवीपेठकर, साफसफाई पाहिजेच, वाद नाही. पण तांब्याने दोन स्वच्छ ग्रुप पडत नाहीत, ग्रुप फुगतो. त्यामुळे या केसमध्ये तो दुसरा नंबर.

आणि साफ करून झाल्यावर चेंबर कोरडं ठणठणीत पाहिजे. तेलकट चेंबरमध्ये काडतुसाचं पितळ भिंतीला धरत नाही, सगळा धक्का बोल्टवर येतो. या रायफलीची कुलपं बोल्टच्या मागच्या बाजूला आहेत, तिथं जास्तीचा भार नको. शिवाय नळीत तेल राहिलं तर पहिली गोळी हमखास वेगळीकडे जाते. साफ केल्यानंतरची पहिली गोळी ग्रुपमध्ये मोजायचीच नाही.

काळी_माती_मोहोळ

तपासलं.

१. पुढचा स्क्रू : ठक्क. अगदी तुम्ही लिहिलंय तसं.
२. टोक ढकलल्यावर अंगठ्याखाली हालचाल जाणवते.
३. माशी, पान, दस्ता : हलत नाही.
४. तांबं : थोडं निघालं, चार फेऱ्यांत डाग थांबला.

लाकूड उतरवून ठेवलंय. आत बघताना मागच्या टोकाला दोन्ही बाजूंना खांद्यासारखे दोन पृष्ठभाग दिसतात. डावीकडचा चकचकीत काळा, उजवीकडचा कोरा. हे काय आहे?

खटका

हेच या रायफलीचं मर्म. गोळी सुटली की ॲक्शन मागे येते आणि तो सगळा धक्का त्या दोन खांद्यांवर जातो. दोघांवर सारखा जायला हवा. तुमच्याकडे तो एकट्या डाव्या खांद्यावर जातोय, म्हणून दर गोळीला ॲक्शन जराशी वळते, आणि लाकूड मोकळं असल्याने परत जागेवर येईलच असं नाही. दोन ग्रुप इथून आले.

आता क्रमाने :

खांद्यांचा स्पर्श नक्की करा. दिव्याचं काजळ आणि दोन थेंब तेल कालवून ॲक्शनच्या त्या भागाला पातळ लावा, लाकूड बसवा, स्क्रू आवळा, काढा. काजळ जिथं उमटलं तिथंच टेकतंय. काळं झालेलं लाकूड नखाने दाबून बघा. तेलाने मऊ पडलं असेल तर नख रुततं. तसं असेल तर नुसती पट्टी लावून उपयोग नाही, मऊ भाग कोरून काढावा लागतो.

दोन्ही खांद्यांवर अक्रोड किंवा शिसवीची पातळ पट्टी, रेषा लांबीच्या दिशेने, ॲराल्डाइटने चिकटवायची. चिकटवण्याआधी ती जागा पेट्रोलने पुसून तेल काढा, नाहीतर धरणार नाही. २४ तास वाळू द्या. मग काजळ लावत लावत पट्टी घासून आणायची, दोन्हीकडे सारखं काजळ उमटेपर्यंत. लाकूड शेवटी दाबून बसवावं लागलं पाहिजे, खडखडत नाही.

लाकडाचं अगदी मागचं टोक दस्त्याच्या लोखंडी खोबणीला टेकता कामा नये. तिथं व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढी फट ठेवा. ती नसेल तर धक्का खांद्यांऐवजी टोकावर जातो आणि लाकूड चिरतं.

कॉलर सगळ्यात शेवटी. व्हर्नियरने कॉलरची उंची आणि त्या जागी लाकडाची जाडी मोजा. लाकूड ०.१ ते ०.२ मिमी जास्त हवं. कमी असेल तर काचेवर २४० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून कॉलर इंग्रजी आठच्या आकारात घासा. एका वेळी ०.०५ मिमी, मग बसवून बघा. जास्त घासली तर लाकूड चिरडतं, गार्ड वाकतो, आणि ट्रिगरचं माप दुसऱ्या टोकाला जातं. नवी कॉलर सहज मिळत नाही, हे ध्यानात ठेवून घासा.

हे काम दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडून करून घ्या, तुम्ही शेजारी बसा. सुताराकडे रायफल ठेवून यायची नाही. काम चांगलं झालं तरी परवान्याची भानगड होते.

दहावं_वर्तुळ

ट्रिगरची ओढ कॉलर नीट झाल्यावर आपोआप जागेवर येईल. त्याआधी कुणी "जरा घासून हलका करून देतो" म्हणालं तर रायफल उचला आणि घरी या. सिअर (चाप ओढेपर्यंत आतली पिन अडवून धरणारा तुकडा) घासला की बोल्ट बंद करताना गोळी सुटायची वेळ येते.

नवीपेठकर

तोंड पण बघून घ्या, लाकूड उतरवलंच आहे तर. कान साफ करायची कापसाची काडी घ्या, तोंडाच्या आतल्या कडेवरून आतून बाहेर ओढा, सगळीकडून. जिथं कापसाचा तंतू अडकेल तिथं कड उचकलेली. पुलथ्रू वापरणाऱ्यांच्या रायफलीत बहुधा एकाच बाजूला दोरीने खाच पडलेली असते, कारण दोरी ओढताना हात नेहमी एकाच बाजूला झुकतो. गोळी तोंडातून सुटताना मागचा वायू त्या खाचेतून आधी निसटतो आणि गोळीला कलवतो.

काळी_माती_मोहोळ

खालच्या बाजूला एका जागी तंतू अडकतो. मग तोंड कापून घेऊ का नवीन?

नवीपेठकर

कापून नाही! नळीची लांबी कमी करणं हा शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ६ चा विषय आहे, परवान्याशिवाय कुणीही करायचं नाही. नुसती कड उचकली असेल तर लांबी न बदलता ती कड घासून साफ होते, आणि तेही परवानाधारक कारागिराचंच काम. पण आत्ता नको. एकाच वेळी दोन दुरुस्त्या केल्या तर कशामुळे सुधारलं ते कळणार नाही. आधी लाकूड, मग पाच गोळ्या, मग ठरवा.

सीनाकाठ

मध्येच विचारतो, करमाळ्याकडे ऊस आणि मका दोन्हीत डुकरांनी धुडगूस घातलाय. पीक संरक्षणाचा परवाना असला की मारायला मोकळीक असते ना?

खटका

नाही. शस्त्राचा परवाना वेगळा आणि प्राणी मारायची परवानगी वेगळी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली शिकार बंद आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरासाठी वनखात्याची लेखी परवानगी लागते, ती आधी घ्यायची, तिच्यातल्या अटी वाचायच्या. काळवीट तर पहिल्या अनुसूचीत, त्याचा विषयच नाही, आणि नान्नजकडे माळढोक अभयारण्य आहे. यापुढचं दुसऱ्या धाग्यावर बोलू, इथं रायफलच राहू द्या.

दहावं_वर्तुळ

चाचणी झाडताना हे पाळा, नाहीतर काडतुसं वाया :

सकाळी आठच्या आत. मे महिन्यात दहानंतर जमिनीवरून लहरी उठतात आणि निशाण आहे त्या जागी दिसत नाही. पिशवी लाकडाखाली, नळीखाली कधीच नाही, आणि दर गोळीला लाकडाच्या त्याच जागी. दोन गोळ्यांत दोन मिनिटं. नळीला हात लावून पाच आकडे मोजेपर्यंत ठेवता येत नसेल तर थांबा. काडतुसं सावलीत. उन्हात तापलेलं काडतूस वेग वाढवतं आणि गोळी वर जाते. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवणारे महाभाग आहेत.

काडतुसं आधी निवडून घ्या. गोळी बोटांत धरून फिरते का बघा, फिरली तर बाजूला. चामड्याच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं ठेवलेल्या काडतुसांवर हिरवा थर चढतो, तीही बाजूला. बाजूला म्हणजे घरी फोडायची नाहीत, विक्रेत्याकडे द्यायची.

मधेच एक डमी काडतूस दुसऱ्याला भरायला सांगा, तुम्हाला न कळता. डमीवर चाप ओढताना माशी खाली झुकली तर दचकणं तुमचं आहे, रायफलीचं नाही.

काळी_माती_मोहोळ

कारागिराने दोन्ही खांद्यांना पट्ट्या बसवल्या, कॉलर ०.१५ मिमी उतरवली. स्क्रूला आता शेवटच्या पाव फेऱ्यात जोर लागतो. ट्रिगर पूर्वीसारखा झाला. एक गोळी वाया घालवून मग पाच झाडल्या : साडेचार इंच, एकच ग्रुप. पण सगळा ग्रुप मध्यापासून उजवीकडे १२ सेंमी. तोंडाचं काय करू आणि साईटचं काय?

खटका

साडेचार इंच म्हणजे ११ सेंमीच्या आसपास. उघड्या साईटच्या ३१५ ला १०० मीटरवर ८ ते १२ सेंमी म्हणजे झकास. तोंड राहू द्या तसंच, पुलथ्रू तेवढा बंद करा. पुढे ग्रुप फुगला तर बघू.

लाकूड नव्याने बसलं की ग्रुप सरकणारच. आता, ग्रुप एक झाल्यावरच, साईटला हात लावायचा. माशी आणि मागचं पान यांतलं अंतर मोजा.

काळी_माती_मोहोळ

५० सेंमी, जवळजवळ.

खटका

मग हिशोब सोपा. १०० मीटर म्हणजे ५० सेंमीच्या २०० पट. माशी १ मिमी सरकली तर गोळी २० सेंमी सरकते. तुम्हाला १२ सेंमी हवेत, म्हणजे ०.६ मिमी. गोळी जिकडे चुकतेय तिकडेच माशी न्यायची, म्हणजे उजवीकडे. हे उलट वाटतं, पण माशी उजवीकडे गेली की तिला मध्ये आणायला नळी डावीकडे वळते. उंचीलाही तेच : गोळी वर जात असेल तर माशी उंच पाहिजे.

पितळी पंच आणि हलकी हातोडी. पेन्सिलची रेघ आधीच मारलेली असेल, नसेल तर आता मारा. पातळ ठोके, दर ठोक्याला व्हर्नियर. ०.६ ला थांबा, तीन गोळ्या झाडा.

नवीपेठकर

आणि पुढचं लाकूड उतरवलंय तोवर आतून जवसाचं कच्चं तेल द्या, घाण्याचं चालेल. अगदी पातळ हात, चोळून जिरवायचं, एक दिवस वाळू द्यायचं, असे तीनचार हात. शेंगतेल नको, ते वाळत नाही, चिकट राहतं. काम संपलं की तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाचा बोळा आपोआप तापतो आणि पेट घेतो, त्यात आपला उन्हाळा. तारेवर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून मग टाका.

काळी_माती_मोहोळ

लाकूड परत चढवलंय ओ, चाचणी झाली ना. तेलासाठी पुन्हा उतरवू का?

खटका

आत्ता उतरवू नका. नवी पट्टी धक्के खाऊन बसतेय, तिला बसू द्या. बाहेरून एक हात तेल पुरे. आपल्याकडे खरा पाऊस सप्टेंबरात. तो संपला की स्क्रू न सैल करता नोटेची कड नळी आणि लाकूड यांच्यामधून सरकवून बघा. जिथं अडकेल तिथं लाकूड फुगून नळीला टेकलंय. पूर्वी कधीच अडकत नव्हती आणि आता एका बाजूला अडकली, तर तेव्हा उतरवा, तेवढीच जागा घासा आणि तेल आतून द्या.